‘हो’ म्हणजे नेमके काय?

घरात कुणी विचारते, “अजून जेवला नाहीस ना?” आपण म्हणतो, “हो.” हा ‘हो’ जेवल्याचा की न जेवल्याचा? मराठीच्या सवयीने तो न जेवल्याचा. “हो, नाही जेवलो” असे आपण सहज म्हणून जातो. इंग्रजी शाळेत वाढलेल्या नातवाला मात्र तोच ‘हो’ उलटा लागतो आणि पान वाढायचे की नाही, हे पुन्हा एकदा विचारावे लागते. घरात पुन्हा विचारता येते म्हणून कुणी उपाशी राहत नाही. मतदानाच्या कक्षात पुन्हा विचारायला कुणी नसते. तिथे प्रश्न एकदाच येतो, उत्तर एकदाच द्यायचे असते आणि त्या उत्तराने कधी कधी तिसऱ्याच कुणाचे घर बसते किंवा मोडते.

४ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मतदारांपुढे असाच एक उलटा ‘हो’ आला. समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावे असे ज्यांना वाटत होते, त्यांनी ‘नाही’वर खूण करायची होती. ती लग्ने थांबावीत असे ज्यांना वाटत होते, त्यांनी ‘हो’वर. कारण मतपत्रिकेवरचा प्रश्न लग्नाबद्दल नव्हता; लग्नाचा हक्क काढून घेणाऱ्या घटनादुरुस्तीबद्दल होता. ‘आठवा प्रस्ताव’ या नावाने ती दुरुस्ती पुढे जगभर माहीत झाली. त्या दिवसांत दोन्ही बाजूंना आपल्याच समर्थकांना बजावून सांगावे लागत होते की आपल्याला ‘हो’ म्हणायचे आहे की ‘नाही’.

माझे म्हणणे असे की मतदानाचा हक्क मतपेटीपर्यंत पोहोचून संपत नाही. आपण कशाला उत्तर देतो आहोत, हे कळण्याचा हक्क त्यातच येतो. आणि प्रश्न जेव्हा दुसऱ्याच्या लग्नाचा असतो, तेव्हा तो कळणे ही मतदाराची सोय राहत नाही, ती त्याची जबाबदारी होते. प्रश्न संदिग्ध ठेवणारा माणूस मतदाराला त्या जबाबदारीतून सोडवतो. लोकशाहीत यासारखी दुसरी हानी नाही.

आठव्या प्रस्तावाची हकीकत थोडी मागून सांगायला हवी. कॅलिफोर्नियात १९११ पासून नागरिकांना सह्या गोळा करून थेट मतदाराकडे कायदा नेता येतो, घटनादुरुस्तीसुद्धा. आणि तिथल्या राज्यघटनेत अशी दुरुस्ती करायला साधे बहुमत पुरते. २००० साली मतदारांनी अशाच मार्गाने एक कायदा केला होता: फक्त पुरुष आणि स्त्री यांचाच विवाह कॅलिफोर्नियात वैध. १५ मे २००८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. जूनच्या मध्यापासून समलिंगी लग्ने सुरू झाली आणि नोव्हेंबरपर्यंत सुमारे १८,००० जोडपी विवाहबद्ध झाली. विरोधकांनी सह्या मात्र त्या निकालाच्या आधीपासूनच गोळा केल्या होत्या. न्यायालयाने रद्द केलेलेच वाक्य आता त्यांना थेट राज्यघटनेत घालायचे होते.

आता शीर्षकाचा वाद उभा राहिला. सह्या गोळा होत होत्या तेव्हा सरकारी शीर्षक ‘विवाहावर मर्यादा’ अशा आशयाचे होते. निकाल लागला आणि वस्तुस्थिती बदलली. जे समलिंगी जोडप्यांच्या हातात नव्हते ते आता त्यांच्या हातात होते. तेव्हा राज्याचे ॲटर्नी जनरल जेरी ब्राऊन यांनी शीर्षक बदलले: समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क रद्द करते. प्रस्तावाचे समर्थक न्यायालयात गेले. ‘रद्द करते’ हे क्रियापद मतदाराच्या मनात आधीच आकस निर्माण करते, अशी त्यांची तक्रार होती. साक्रामेंटोच्या न्यायालयाने ती मान्य केली नाही आणि शीर्षक कायम राहिले.

हा खटला मला सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. मागणी काय होती ते पाहा. प्रस्तावाने जे होणार होते, तेच शीर्षकात लिहिले होते. अस्तित्वात असलेला हक्क, ज्याचा वापर करून हजारो माणसांची लग्ने लागली होती, तो जाणार होता. तरी ते वाक्य प्रस्ताव मांडणाऱ्यांनाच बोचले, कारण आपण काही काढून घेत नाही, आपण फक्त जपतो आहोत, अशी त्यांची स्वतःबद्दलची समजूत होती. स्पष्ट भाषा त्या समजुतीच्या आड आली. स्पष्ट प्रश्न विचारणाऱ्यालाही आरसा दाखवतो आणि त्याला होणारा विरोध बहुधा तिथूनच सुरू होतो.

निकाल सर्वांना माहीत आहे. ५२ टक्क्यांहून थोडे अधिक ‘हो’, ४८ टक्क्यांहून थोडे कमी ‘नाही’. फरक सुमारे सहा लाख मतांचा. त्याच दिवशी त्याच राज्याने बराक ओबामांना ६१ टक्के मते दिली होती. हरलेल्या बाजूला साहजिकच वाटले की लोक गोंधळले. मलाही हे समजणे सोपे जाते. मतपत्रिकेवर त्या दिवशी राज्याचे बारा प्रस्ताव होते. माणसाचे मन प्रश्नातला विषय आधी पकडते, क्रियापद नंतर. ‘लग्न’ हा शब्द दिसला की लग्नाबद्दलचे मत मनात उभे राहते आणि हात त्या मताप्रमाणे ‘हो’कडे किंवा ‘नाही’कडे जातो.

पण आपल्याला आवडणारी बाजू हरली म्हणून सगळा दोष गोंधळावर टाकणे हीही अप्रामाणिकता आहे. गोंधळ दोन्ही दिशांनी वाहतो. समलिंगी विवाहाला विरोध असलेला माणूसही ‘या लग्नांना माझी ना’ म्हणत ‘नाही’वर खूण करू शकतो आणि नकळत त्याच लग्नांना मत देऊ शकतो. समलिंगी हक्कांच्या चळवळीतल्याच एका विश्लेषकाने नंतर या मोहिमेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा निष्कर्ष असा निघाला की चुकीच्या दिशेने पडलेल्या मतांचा फायदा एकंदरीत ‘नाही’ बाजूलाच झाला असावा. हा निष्कर्ष कडू आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. शीर्षक स्पष्ट होते, दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाले होते आणि तरीही बहुसंख्य लोकांनी हक्क काढून घेतला.

मग स्पष्टतेचा उपयोग काय झाला? उपयोग असा की त्या निकालानंतर ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब कुणाजवळ उरली नाही. शेजाऱ्याच्या लग्नाचा हक्क आपण काढून घेतला, हे सत्तर लाख ‘हो’ म्हणणाऱ्यांपुढे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. पुढच्या वर्षांत घराघरांत जे बोलणे झाले, ज्या मतांमध्ये बदल झाला, त्याच्या पायाशी ही कबुली होती. ज्याने आपण काय केले हे जाणले, तोच ते उद्या बदलू शकतो.

मेन या ईशान्येकडच्या छोट्या राज्याने हे दाखवून दिले. तिथल्या विधिमंडळाने २००९ साली समलिंगी विवाहाचा कायदा केला आणि विरोधकांनी तो लोकांपुढे नेला. प्रश्न होता: हा नवा कायदा तुम्हाला नाकारायचा आहे का? म्हणजे ‘हो’ म्हणणे हा नकार. जवळपास ५३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले आणि कायदा पडला. तीन वर्षांनी समर्थकांनी नवा प्रश्न आणला: समलिंगी जोडप्यांना विवाहाचा परवाना देण्याची मुभा राज्याला द्यायची आहे का? आता ‘हो’ म्हणजे होकार. पुन्हा निम्म्याहून अधिक लोक ‘हो’ म्हणाले आणि या वेळी लग्ने सुरू झाली. तीन वर्षांच्या अंतराने एकाच राज्यात ‘हो’ने आपली बाजू बदलली आणि लोक त्यातून वाट काढत गेले. मधल्या काळात कार्यकर्ते दारोदार फिरून बोलले होते. मतदार मूर्ख नसतो; सरळ वाक्य मिळाले आणि कुणी समोर बसून बोलले, तर तो नीट विचार करतो.

उलटा ‘हो’ हा गोंधळाचा सर्वांत ठळक प्रकार आहे, पण सर्वांत घातक नाही. त्याहून घातक असतो तो झाकलेला विस्तार. नॉर्थ कॅरोलायनात मे २०१२ मध्ये घटनादुरुस्ती मांडली गेली: पुरुष आणि स्त्री यांचा विवाह हाच राज्यात मान्यता मिळणारा एकमेव घरगुती कायदेशीर संबंध असेल. घाईत वाचणाऱ्याला यात लग्नाची व्याख्या दिसते. पण ‘एकमेव कायदेशीर संबंध’ या शब्दांनी लग्नाखेरीज जोडीदारीची जी कुठलीही नोंदणी असू शकते, तिचाही रस्ता बंद होत होता. समलिंगी जोडप्यांचा आणि लग्न न केलेल्या स्त्री-पुरुषांचाही. लग्नाला नकार पण नागरी नोंदणीला हरकत नाही, असे म्हणणारे बरेच मतदार होते. त्यांना आपले मत त्या एका वाक्यात मांडायला जागाच नव्हती. दुरुस्ती सुमारे ६१ टक्के मतांनी संमत झाली.

ॲरिझोनाचा अनुभव याच्या जोडीला ठेवावा. तिथे २००६ साली असाच रुंद पल्ल्याचा प्रस्ताव आला होता. विरोधकांनी त्याचा विस्तारच उघड करून सांगितला: यात लग्न न करता एकत्र राहणारी वयस्क स्त्री-पुरुषांची जोडपीही सापडतील, त्यांचे विमा आणि इतर लाभ जातील. प्रस्ताव पडला. अमेरिकेत अशा दुरुस्तीला मतदारांनी पहिल्यांदाच नकार दिला तो तिथे. दोन वर्षांनी समर्थकांनी तो पल्ला छाटला, फक्त विवाहाच्या व्याख्येचे एक छोटे वाक्य ठेवले आणि ते सुमारे ५६ टक्क्यांनी संमत झाले. हा दुसरा निकाल मला रुचत नाही. पण दोन्ही वेळी लोकांना कळले होते की ते कशाला मत देत आहेत, हे मला मान्य करावे लागते.

तिसरा प्रकार मौनाचा. रुमानियात ऑक्टोबर २०१८ मध्ये विवाहाची व्याख्या पुरुष आणि स्त्रीपुरती करण्यासाठी दोन दिवस सार्वमत झाले. मतपत्रिकेवर विवाह हा शब्दच नव्हता. संसदेने मंजूर केलेल्या स्वरूपातली घटनादुरुस्ती तुम्हाला मान्य आहे का, इतकेच विचारले होते. निम्म्याहून कितीतरी जास्त लोक घरी बसले. मतदान जेमतेम २१ टक्के झाले, आवश्यक होते ३० टक्के, आणि सार्वमत बाद झाले.

चौथा प्रकार चुकीच्या माहितीचा. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये विवाहित जोडप्यांवरचा जादा कर दूर करण्याचा प्रस्ताव आला. कराच्या त्या प्रस्तावातच विवाह म्हणजे पुरुष आणि स्त्री यांचे सहजीवन, अशी व्याख्याही बसवलेली होती. एकाच खुणेत दोन उत्तरे. कर कमी व्हावा पण ती व्याख्या नको, असे वाटणाऱ्याने काय करायचे? प्रस्ताव ५०.८ टक्के ‘नाही’ने पडला. पुढे उघड झाले की या करामुळे सुमारे ८०,००० दुहेरी कमाईच्या जोडप्यांना भुर्दंड बसतो असे जे सरकारने सांगितले होते, तो आकडा खरा ४,५४,००० होता. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द केले. आधुनिक स्वित्झर्लंडच्या इतिहासात देशव्यापी मतदान रद्द होण्याची ती पहिली वेळ. ज्या देशाने थेट मतदानाची परंपरा सर्वांत निष्ठेने जपली, त्यानेच हे मान्य केले की चुकीच्या माहितीवर उभे असलेले बहुमत बहुमत नव्हे. पुढे २०२१ साली ‘सर्वांसाठी विवाह’ असा सुटा, उघडा प्रश्न विचारला गेला आणि तो ६४ टक्के मतांनी संमत झाला.

आयर्लंडकडे मराठी वाचकाचे लक्ष एका कारणाने आपसूक जाते. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातले वराड हे लिओ वराडकरांचे वडिलोपार्जित गाव. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर. जानेवारी २०१५ मध्ये आयर्लंडचे आरोग्यमंत्री असताना वराडकरांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी २२ मे रोजी देशाने विवाह समानतेवर मतदान केले. घटनेत घालायचे वाक्य एका श्वासात म्हणता येईल असे होते: दोन व्यक्तींना, त्यांच्या लिंगाचा भेद न करता, कायद्याप्रमाणे विवाह करता येईल. ६२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले.

पण त्या वाक्यालाही एक वळण घ्यावे लागले होते. आयर्लंडच्या घटनेचे दोन पाठ आहेत, आयरिश आणि इंग्रजी. दोहोंत तफावत आली तर आयरिश पाठ प्रमाण. पहिल्या आयरिश मसुद्याचा अर्थ साधारण असा होता: दोघांना, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, विवाह करता येईल. मराठीतही हे वाक्य पुन्हा वाचून पाहा. दोघेही पुरुष किंवा दोघीही स्त्रिया, असाच त्याचा अर्थ लावला, तर स्त्री-पुरुषांचा विवाहच बाहेर राहतो! हा आक्षेप आल्यावर सरकारने मसुदा बदलला. ‘ध’चा ‘मा’ कसा होतो हे आपल्याला शनिवारवाड्याच्या आख्यायिकेने शिकवले आहे. इथे तर कुणाचे कपटही नव्हते, फक्त व्याकरणातली एक फट होती. ती वेळीच बुजवली गेली, कारण प्रश्न लोकांपुढे जाण्याआधी तो वाचून पाहायला, त्यावर भांडायला पुरेसा वेळ होता.

नऊ वर्षांनी त्याच देशाने दुसरी बाजू दाखवली. वराडकर आता पंतप्रधान होते. ८ मार्च २०२४ रोजी कुटुंबाची व्याख्या विवाहापुरती न ठेवता ‘इतर टिकाऊ नात्यां’पर्यंत नेणारी दुरुस्ती मतदारांपुढे आली. हेतू उदार होता. लग्न न करता एकत्र राहणारे, मुले वाढवणारे, त्यांनाही घटनेने कुटुंब म्हणावे. पण ‘टिकाऊ नाते’ म्हणजे कोणते? किती वर्षांचे? वारसा, कर, निवृत्तिवेतन यांचे काय? ते न्यायालये ठरवतील, एवढेच उत्तर मिळत राहिले. सुमारे ६८ टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले. त्याच दिवशीचा घरातल्या सेवाशुश्रूषेबद्दलचा दुसरा प्रस्ताव त्याहूनही मोठ्या फरकाने पडला. २०१५च्या मतदारांनी आपली उदारता गमावली, असे म्हणायला माझे मन तयार नाही. त्यांना जे नीट सांगितले गेले नाही, त्यावर त्यांनी सही केली नाही. अर्थ न कळलेल्या कागदावर अंगठा उठवू नये, हे आपल्याकडच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसून शिकलेले शहाणपण आहे.

इथे एक मूलभूत आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे बरे नाही. मूठभर माणसांच्या लग्नाचा हक्क बहुसंख्यांना विचारायचाच का? माझे स्वतःचे मत असे की विचारू नये. माझे लग्न कुणाशी व्हावे यावर शेजाऱ्यांचे मतदान मला चालणार नसेल, तर शेजाऱ्याच्या लग्नावर मत द्यायला मीही जाऊ नये. आपल्या देशात या विषयावर सार्वमत झालेले नाही; सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात हा प्रश्न संसदेकडे सोपवला. पण ज्या समाजांत असे प्रश्न विचारले जातात, तिथे ते सरळ विचारले जावेत ही किमान अट आहे. हक्क काढून घ्यायचा असेल, तर ‘काढून घेतो’ असे म्हणण्याचे धैर्य तरी असावे.

हे साधता येते. प्रश्न कुणी लिहायचा, यापासून सुरुवात व्हावी. मिनेसोटात २०१२ साली विवाहाच्या घटनादुरुस्तीला विधिमंडळाने दिलेले शीर्षक निवडणुकांचे काम पाहणाऱ्या मंत्र्यांनी बदलले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जुने केले. एकाच दुरुस्तीला दोन सत्ताधारी दोन नावे देत होते. दोघांचाही निकालात राजकीय रस होता. प्रश्न लिहिण्याचे काम ज्याचा निकालात रस नाही अशा संस्थेकडे हवे आणि तो प्रश्न सामान्य माणसांसमोर आधी वाचून पाहायला हवा. ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नातून ‘तुम्ही सहमत आहात का’ हे शब्द काढायला लावले, कारण ते माणसाला हळूच होकाराकडे ढकलतात. युरोपीय संघाच्या सार्वमतात ‘हो’ आणि ‘नाही’ काढून ‘राहावे’ आणि ‘बाहेर पडावे’ असे दोन पर्याय ठेवायला लावले तेही त्याच आयोगाने.

दोन्ही पर्यायांना नाव देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल तर दोन पाने, अशी चिन्हे होती. हा कौल किती कडवटपणे लढला गेला हे जुन्या माणसांना आठवते. ३४,०२१ मतांनी दोन पाने जिंकली. हरलेल्यांच्या मनात दुःख उरले, पण ‘आम्ही कशाला मत दिले ते आम्हाला कळले नाही’ असे म्हणायला त्या प्रश्नाने जागा ठेवली नव्हती. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही आपले मत कुठे जाते ते ठाऊक होते.

कॅलिफोर्नियातले आठव्या प्रस्तावाचे ते वाक्य २०१३ पासून न्यायालयांच्या निकालांमुळे निष्प्राण झाले होते, पण राज्यघटनेत अक्षराने तसेच होते. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी ते काढून विवाह हा मूलभूत हक्क आहे असे लिहिण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. शीर्षक होते: विवाहाचा घटनात्मक हक्क. सुमारे ६३ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटले. सोळा वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या लग्नासाठी ज्याला ‘नाही’वर खूण करावी लागली होती, त्याला त्या दिवशी मनातले उत्तर उलटे करून लिहावे लागले नाही. लग्नाला ‘हो’ म्हणायचे होते आणि त्याने ‘हो’वरच खूण केली.